भय आणि मिंधेपण

वृत्तपत्राचा शत्रू कोण, असे विचारले तर बहुतेक जण सत्तेकडे बोट दाखवतील. बंदीहुकूम, तुरुंगवास, छापखान्यावरील जप्ती, संपादकावरील हल्ला ही संकटे डोळ्यांना दिसतात आणि त्यांचा इतिहासही लिहिला जातो. पण वृत्तपत्राला आणखी एक शत्रू आहे. तो पैशाची थैली घेऊन येतो, कागदाचे बिल भागवतो, पगाराची तारीख सांभाळतो आणि पहिल्या दिवशी तरी बदल्यात काही मागत नाही. त्याने आणलेल्या अवस्थेला मराठीत नेमका शब्द आहे : मिंधेपण. मराठवाड्यातील, विशेषतः नांदेड आणि लातूर या भागांतील वृत्तपत्रांचा गेल्या आठ-नऊ दशकांचा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. या भूमीतील पत्रकारांनी भयाशी दिलेला लढा मोठा आहे. परंतु मिंधेपणाशी द्यावा लागलेला लढा त्याहून अवघड ठरला आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. मराठी पत्रकारितेच्या जन्मापासून तो तिच्या सोबतीला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. वर्गणीदार मोजके, वाचायची सवय नवी. साडेआठ वर्षांत, १८४० साली, ते पत्र बंद झाले. दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मिशनने अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढले आणि ते पिढ्यान् पिढ्या टिकले. दोन्हींच्या संपादकांच्या विद्वत्तेची तुलना करण्याचे कारण नाही. एकामागे तोटा सोसणारी संस्था होती, दुसऱ्यामागे नव्हती.

तोटा सोसणारा कोणीतरी लागतो, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : तोटा सोसणाऱ्याचा लेखणीवर हक्क किती? रेव्ह. नारायण वामन टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते. मिशनबद्दल त्यांच्या मनात कृतज्ञता होती. तरीही मिशनच्या वेतनावर जगणारा ख्रिस्ती कार्यकर्ता आपल्या देशबांधवांशी मोकळ्या मनाने बोलू शकत नाही, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले. १९१७ साली त्यांनी ते वेतन सोडले आणि ‘देवाच्या दरबारा’ची वाट धरली. ज्याने दिले तो दुष्ट नव्हता, ज्याने सोडले तो कृतघ्न नव्हता. देणारा भला असला तरी घेणाऱ्याच्या जिभेला एक सूक्ष्म अडसर राहतो, एवढेच टिळकांनी ओळखले होते.

दुसरे उदाहरण आश्रयदात्याच्या औदार्याचे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्यामुळे. श्रीमंताच्या मदतीने गरिबाचे पत्र निघू शकते, याचा हा पुरावा होय. परंतु एकदाच मिळालेल्या देणगीवर पत्र कायम चालत नाही. १९२३ पर्यंत ‘मूकनायक’ बंद पडले. पुढे १९२७ मध्ये निघालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ अखेर थांबले. त्या पत्रांचे वाचक दरिद्री होते. ज्यांना त्यांची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्याच खिशात वर्गणीचे पैसे नव्हते.

तिसरे उदाहरण उघड संघर्षाचे आहे. सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ साली मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे इंग्रजी दैनिक स्थापन केले आणि बेंजामिन हॉर्निमन या इंग्रज पत्रकाराला संपादक नेमले. १९१५ मध्ये मेहता वारले. हॉर्निमन यांनी होमरूल चळवळीची बाजू हिरिरीने उचलली आणि संचालक मंडळातील मवाळ धनिकांना ती मानवेना. लेखणीला लगाम घालण्याचा प्रयत्न होताच हॉर्निमन राजीनामा देऊन बाहेर पडले. तेव्हा भागधारकांनी संपादकाचा पक्ष घेतला. जुने संचालक गेले, नवे आले आणि हॉर्निमन आपल्या खुर्चीवर परतले. १९१९ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्यांना हिंदुस्थानातून हद्दपार केले, ही गोष्ट निराळी. सरकारपुढे त्यांचा इलाज चालला नाही, पण मालकांपुढे चालला; कारण मालकी मूठभरांच्या हाती नव्हती आणि सामान्य भागधारक जागा होता.

ही तीन उदाहरणे ध्यानी ठेवून आपण मराठवाड्याकडे वळू.

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू, सभा भरवायची तर आधी परवानगी, वृत्तपत्र काढायचे तर सरकारची मर्जी. अशा काळात आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्याच्यावर बंदी घातली. वाघमारे यांनी पत्राचे नाव बदलले आणि ते पुन्हा काढले. त्या नावावर बंदी आली, तेव्हा आणखी एक नाव घेतले. सरकार नावाला बंदी करीत होते आणि पत्र नवे नाव धारण करून पुन्हा वाचकाच्या हाती पडत होते. यामागे कोणी साखरसम्राट किंवा शेठ-सावकार नव्हता. कार्यकर्त्यांची पदरमोड, ओळखीच्या छापखान्याची उधारी आणि लपवून अंक वाचणाऱ्या वाचकाची माया, एवढ्या भांडवलावर ते चालले.

त्याच संस्थानाच्या राजधानीत शोएब उल्ला खान हे तरुण पत्रकार ‘इमरोज’ नावाचे उर्दू दैनिक चालवीत होते. हैदराबादने भारतात विलीन व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत. मुसलमान संपादकाने रझाकारांविरुद्ध लिहावे, हे रझाकारांना सहन होणे शक्य नव्हते. १९४८ च्या ऑगस्ट महिन्यात रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, लिहिणारा हात तोडण्यात आला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, संस्थान भारतात सामील झाले. मराठवाड्यातील पत्रकारितेचा पाया असा घातला गेला आहे. भयापुढे न वाकणारी माणसे तिने पाहिली आहेत.

स्वातंत्र्यानंतर ‘मराठवाडा’ पत्राची धुरा अनंत भालेराव यांनी वाहिली. स्वतः मुक्तिसंग्रामातील सैनिक असलेला हा संपादक. साप्ताहिक म्हणून जन्मलेले हे पत्र १९६८ मध्ये दैनिक झाले. रस्ते, रेल्वे, सिंचन, शिक्षण या सर्व बाबतींत मागे राहिलेल्या प्रदेशाचे गाऱ्हाणे ते मुंबईच्या दारी मांडीत राहिले. १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा अनेक धनाढ्य वृत्तपत्रांनी सरकारी सूचना निमूटपणे पाळल्या. भालेराव मात्र तुरुंगात गेले.

परंतु इतिहास लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर भीषण अत्याचार झाले. नांदेड जिल्हाही त्यात होरपळला. या नामांतर प्रकरणी ‘मराठवाडा’ दैनिकाने नामांतराला विरोध करणारी भूमिका घेतली होती आणि त्यासाठी त्याच्यावर कडक टीका झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. येथे कोणा धनिकाने संपादकाचा हात धरला नव्हता. संपादक प्रामाणिक होता, निर्भय होता, आणि तरीही त्याची भूमिका आपल्या वाचकांतील प्रबळ वर्गाच्या भावनेशी जुळणारी होती. धनिकाचे मिंधेपण टळले म्हणजे पत्रकार सर्वार्थाने मुक्त होतो असे नाही. वाचकांच्या पैशावर चालणारे पत्र त्या वाचकांच्या पूर्वग्रहाचेही मिंधे होऊ शकते. ज्यांच्याकडे वर्गणी द्यायला पैसे नाहीत, त्यांचा आवाज अशा पत्रातही दबतो. ‘मूकनायका’च्या नावाचा अर्थ येथे पुन्हा उलगडतो.

पुढच्या काळात मराठवाड्याचे अर्थकारण बदलले. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, शिक्षणसंस्था यांतून नवे नेतृत्व आणि नवी श्रीमंती उभी राहिली. त्या नेतृत्वाने गावोगावी शाळा काढल्या, पाणी आणले, रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याच नेतृत्वाने वृत्तपत्रांचेही महत्त्व ओळखले. लातूरचे ‘एकमत’ देशमुख घराण्याशी आणि नांदेडचे ‘सत्यप्रभा’ चव्हाण घराण्याशी जोडलेले दैनिक म्हणून ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्रात सर्वदूर पोहोचलेल्या ‘लोकमत’चे मालक दर्डा कुटुंबही राजकारणात होते, आणि पुण्याचे ‘सकाळ’ १९८५ च्या सुमारास पवार कुटुंबाकडे गेले. राजकारणी माणसाने वृत्तपत्र काढू नये, असा काही नियम नाही. टिळक आणि गांधी दोघेही राजकारणीच होते. फरक एवढाच की त्यांच्या पत्रावर त्यांचे मत उघड लिहिलेले असे. वाचकाला कोणाचे म्हणणे आपण वाचतो आहोत हे ठाऊक असे.

सामान्य वाचकाला वृत्तपत्राचे गणित सहसा माहीत नसते. अंक छापून दारात पोहोचवायला जेवढा खर्च येतो, त्याचा लहानसाच हिस्सा अंकाच्या किमतीतून वसूल होतो. बाकीचा भार जाहिरात उचलते. मोठ्या शहरात ही जाहिरात शेकडो दुकानांत आणि कारखान्यांत वाटलेली असते. एकाने हात आखडला तरी पत्र मरत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जाहिरात देणारे हात मोजकेच : सरकारी खाते, कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, बांधकामाचा ठेकेदार आणि पुढारी. पुष्कळदा हे सारे हात एकाच खांद्याला जोडलेले असतात. तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती तर आणखी बिकट. त्याला नियमित पगार क्वचितच मिळतो. दिवाळी अंकासाठी, नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या आणि त्यावरील दलालीवर घर चालवायचे. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागायची, संध्याकाळी त्याच्याच कारखान्यातील काटामारीची बातमी द्यायची, हे कोणत्या हाडामांसाच्या माणसाला जमावे? त्याला कोणी धमकी देत नाही. बातमी कागदावर उतरण्यापूर्वी मनातच पुसली जाते.

या व्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट दर्शन २००९ साली नांदेड जिल्ह्यात घडले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती आणि तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. निवडणुकीच्या दिवसांत ‘अशोक पर्व’ या शीर्षकाखाली त्यांची प्रशंसा करणारी पानेच्या पाने प्रसिद्ध झाली. ‘जाहिरात’ हा शब्द त्यांवर नव्हता. ती बातमी म्हणून छापली होती. निवडून आल्यावर चव्हाण यांनी सादर केलेल्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी ५,३७९ रुपये आणि केबल वाहिनीवरील जाहिरातींपोटी ६,००० रुपये दाखवले होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २००९ च्या अखेरीस ‘द हिंदू’ दैनिकातून ही विसंगती उघड केली. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ‘लोकमत’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘पुढारी’ या परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत काही दिवसांच्या अंतराने एकच लेख शब्दशः छापून आला होता. तीन निरनिराळ्या वार्ताहरांना एकाच वाक्यात, एकाच स्वल्पविरामासह स्फूर्ती होणे हा चमत्कारच म्हणावा लागेल.

न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे. आपण या मजकुरासाठी पैसे दिले नाहीत, असे चव्हाण यांचे म्हणणे होते आणि वृत्तपत्रांनीही पैसे घेतल्याचा इन्कार केला. पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर यांच्या तक्रारीवरून प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले. आयोगाला हिशेबाच्या खरेखोटेपणाची चौकशी करण्याचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब योग्य रीतीने सादर झाला नसल्याचा ठपका ठेवला. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने चव्हाण निर्दोष राहिले. परंतु वाचकाचा प्रश्न कायद्याहून साधा आहे. त्या पानांवर वाचकाने जे वाचले ती बातमी होती का?

या प्रकरणात पत्रकार आणि धनी यांच्यातील तणाव कोठे दिसला, हे अधिक महत्त्वाचे. मोबदला घेऊन छापलेल्या बातम्यांविरुद्ध पहिला आवाज पत्रकारांनीच उठवला. शेजारच्या आंध्र प्रदेशातील श्रमिक पत्रकारांच्या संघटनेने २००९ च्या निवडणुकीतील अशा बातम्यांची पाहणी केली. हिंदीतील थोर संपादक प्रभाष जोशी यांनी आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत हाच विषय लावून धरला. भारतीय प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन पत्रकारांची उपसमिती नेमली. त्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला आणि त्यात वृत्तपत्रांची नावे घेऊन लिहिले. प्रेस कौन्सिलमध्ये कायद्यानेच वृत्तपत्रांच्या मालक-व्यवस्थापकांचे सहा प्रतिनिधी असतात. अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध करण्यास विरोध झाला. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने एक त्रोटक अहवाल स्वीकारला आणि मूळ अहवाल संदर्भासाठी म्हणून बाजूला ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो सर्वांना वाचायला मिळाला. सत्य शोधायला दोन पत्रकार पुरले. ते सत्य वाचकापर्यंत पोहोचवायला माहितीच्या अधिकाराचा कायदा वापरावा लागला.

अशा दडपणाची किंमत कोण मोजतो, हे लातूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून लातुरात जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात आली; दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. हे संकट एका रात्रीत आलेले नव्हते. पावसाची कमतरता खरी, पण कमी पावसाच्या प्रदेशात उसासारखे तहानलेले पीक आणि त्याच्याभोवती उभे राहिलेले कारखाने हाही त्या कथेचा भाग होता. लातूरचे अतुल देऊळगावकर यांच्यासारख्या अभ्यासू लेखकांनी पाणी आणि पर्यावरण यांचे हे नाते वारंवार मांडले आहे. प्रश्न असा की असे लेखन जिल्ह्याच्या रोजच्या वृत्तपत्रात, वर्षानुवर्षे, पहिल्या पानावर यायला हवे असेल, तर त्या पत्राचा सर्वांत मोठा जाहिरातदार कारखाना असून चालेल काय? जी बातमी वेळेवर छापली जात नाही, तिची भरपाई पुढे गृहिणीला घागर घेऊन करावी लागते.

भयाविरुद्ध काही कवच मिळाले आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली मंजूर केला. मिंधेपणाविरुद्ध मात्र असा कोणताही कायदा होऊ शकत नाही. कारण तेथे हल्ला करणारा नसतो, पंचनामा करावा अशी जखमही नसते. तेथे उपाय एकच संभवतो, आणि तो आपल्यासारख्या वाचकांच्या हाती आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हा विचार अपरिचित नाही. दोन धन्यांच्या चाकरीचा प्रश्न शुभवर्तमानाने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयी जो आदेश काढला, त्यात माणसाचा माहिती मिळवण्याचा हक्क तर मानला आहेच, पण वाचक-श्रोत्यांच्या कर्तव्याचाही स्वतंत्र विचार केला आहे. काय वाचावे, कशाला आधार द्यावा, हे वाचकाने विवेकाने ठरवायचे आहे. फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळणारी बातमी कोणीतरी दुसऱ्याने आपल्यासाठी विकत घेतलेली असते, आणि विकत घेणाऱ्याचा त्यात काही हेतू असतो, एवढे भान घराघरांत आले तरी पुष्कळ काम होईल.

शोएब उल्ला खान यांच्यावर वार करणारे हात इतिहासाने नोंदवले आहेत. तालुक्याच्या वार्ताहराच्या वहीत लिहिण्याआधीच पुसली गेलेली बातमी कोणत्याही इतिहासात सापडणार नाही. ती जिवंत ठेवायची असेल तर वर्गणी वेळेवर भरणे, न पटणारा पण प्रामाणिक लेख छापणाऱ्या पत्राला सोडून न जाणे, स्तुतीने भरलेली पुरवणी आली की ‘याचे पैसे कोणी दिले?’ असे संपादकाला पत्राने विचारणे, आणि ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांच्या वस्तीतील बातमीचाही आग्रह धरणे, ही साधी कामे आपण करू शकतो. हॉर्निमनला खुर्चीवर परत बसवणारे भागधारकही सामान्य माणसेच होते.